तिसरी पिन

सासूबाईंच्या घड्याळाने बोलणं टाकलं तेव्हा मास्तरांना मनातून थोडा आनंदच झाला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माणूस वाईट नव्हता. पण निवृत्त होऊन आठ महिने झाले होते, आणि या आठ महिन्यांत घरातल्या एकाही वस्तूने किंवा व्यक्तीने त्यांच्यावाचून काही अडल्याचं दाखवलं नव्हतं.

घड्याळ साबणाच्या वडीपेक्षा जरासं मोठं होतं आणि वर एक रुंद पिवळं बटण होतं. ते दाबलं की आतली बाई वेळ सांगायची. सासूबाईंची दृष्टी गेली त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या दिवसातून वीस-पंचवीस वेळा ते बटण दाबत. बाई प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे वेळ सांगे, सासूबाई तिला "बरं" म्हणत आणि घड्याळ पुन्हा उशाशी ठेवत. घरातल्या डोळस माणसांना दिवसातून पंचवीस वेळा इतकं शांत राहणं जमलं नसतं. ते सासूबाई ओळखून होत्या, म्हणून त्या कुणाला वेळ विचारतच नसत.

आधी बटण दोनदा दाबावं लागू लागलं, मग दहादा. एका सकाळी त्या दोन्ही अंगठ्यांनी ते दाबत बसल्या होत्या आणि बाई गप्प होती. त्या भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या आणि घड्याळ मास्तरांसमोर धरून म्हणाल्या, "मास्तर, हे जरा बघता का?"

एकतीस वर्षांच्या जावईपणात या बाईंनी मास्तरांकडे कधी पाण्याचा पेलासुद्धा मागितला नव्हता. मास्तरांची छाती फुगली. त्यांनी शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. त्यातलं विजेचं प्रकरण तर ते पुस्तक न उघडता शिकवत. आता हे खरं, की फळ्यावर दिवा काढणं वेगळं आणि दिवा लावणं वेगळं. पण हा फरक त्यांना अजून कुणी दाखवून दिला नव्हता.

चार स्क्रू काढल्यावर आत एक हिरवी पट्टी निघाली आणि बटणाखाली डाळीएवढा एक स्विच. त्याला चार पाय, आणि चारही पाय पट्टीच्या मागे कथिलाने पक्के केलेले. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराने तसाच नवा स्विच तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "बसवणं सोपं आहे. जुना काढणं अवघड. एका पायाचं कथिल वितळवलं की बाकीचे तीन धरून ठेवतात. दुसरं वितळवेपर्यंत पहिलं घट्ट झालेलं असतं. इकडे घेऊन या, करून देतो."

"मी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय," मास्तर म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो, घेऊन या."

या वाक्यावर मास्तर दुकानातून निघाले ते सरळ घरी आले आणि मोबाइलवरून त्यांनी कथिल काढायचा विजेवरचा पंप मागवला. त्यातल्या त्यात स्वस्त. तापणारी पोकळ नळी, मागे दट्ट्या, बाजूला एक खटका. नळी टेकवायची, कथिल वितळलं की खटका दाबायचा, ते आत ओढलं जातं. खोक्यातल्या कागदावर सुरक्षिततेसाठी एकच सूचना होती: 'वापरणाऱ्याने सुरक्षित राहावे.' मास्तरांना ती मोघम वाटली, पण चुकीची म्हणता येईना.

पंप लावल्यावर पाच मिनिटांनी घरात जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. मास्तरांच्या पत्नी एका रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसत. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि सवयीने विचारतात तसं त्यांनी विचारलं, "काय होतंय, कधीपासून होतंय, आणि बरोबर कोण आहे?"

"काही होत नाहीये. काम चाललंय."

"अहो, धूर येतोय."

"नवीन आहे, म्हणून."

आणि गंमत म्हणजे पहिल्या पायाचं कथिल झकास निघालं. सुर्रकन आत गेलं आणि पाय मोकळा झाला. मास्तर इतके खूश झाले की त्यांनी शेजारच्या दाराची बेल वाजवून दातांच्या डॉक्टरीणबाईंना तो मोकळा पाय दाखवायला आणलं. दुसऱ्या पायाला पंपाने आत ओढलेलं थोडं कथिल परत थुंकलं, पण तोही निघाला. तिसऱ्याच्या वेळी मात्र मास्तरांच्या मनगटात झिणझिण्या येऊ लागल्या. वय झालं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. साठीनंतर माणसाला शरीरात जे काही होतं त्याचं कारण तयारच असतं, त्यामुळे खरं कारण शोधायचे कष्ट वाचतात.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ओढू नका, सर. एकदम ओढायचं नसतं. चिमट्यात धरा, जरा इकडे, जरा तिकडे, हलवत राहा. मुळं सैल झाली की आपोआप हातात येतं."

मास्तरांनी इकडे हलवलं, तिकडे हलवलं. तोवर गरम नळी त्याच जागी मिनिटभर टेकलेली होती. तिसरा पाय खरोखरच हातात आला, पण त्याच्याबरोबर पट्टीवरची तांब्याची बारीक रेघही केसासारखी उचलून आली. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यातून पाहिलं आणि व्यावसायिक सहानुभूतीने म्हणाल्या, "असं होतं कधी कधी."

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने पट्टी उजेडात धरली. "ही रेघ गेली. तिच्या जागी एक वायर जोडता येईल. पण चौथा पाय अजून अडकलाय, आणि हे सगळं एवढं भाजलंय की मी हात लावला आणि आणखी उखडलं तर तुम्ही मलाच धराल. नवीन घ्या." नवीन घड्याळं होती, पण ती सगळी परक्या भाषेत बोलणारी. सासूबाईंना कळेल असं बोलणारं आता बाजारात येत नव्हतं.

मास्तर परत आले आणि घरात त्यांनी "पार्ट मागवलाय" असं सांगितलं. सासूबाई "सावकाश होऊ द्या" म्हणाल्या.

असे चार दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमाराला मास्तर पाणी प्यायला उठले, तर सासूबाई पलंगाच्या कडेला बसलेल्या. तोंड धुतलेलं, केस नीट बांधलेले, पातळ बदललेलं, हात मांडीवर. मास्तरांनी विचारलं, "आई, कुठे जायचंय का?"

"नाही हो. चहाची वाट बघतेय. आज सगळ्यांना उठायला उशीर झाला वाटतं."

त्या जेवून झोपल्या होत्या आणि उठल्यावर त्यांना सकाळ वाटली होती. घर शांत होतं म्हणून त्यांनी आवाज न करता सगळं आवरलं आणि बसून राहिल्या. किती वेळ, ते त्यांनाही सांगता आलं नाही. दुपार आहे हे कळल्यावर त्या थोडं हसल्या, पण मग त्यांनी पदर उगाचच सारखा केला आणि चेहरा भिंतीकडे वळवला.

मास्तरांना फार वाईट वाटलं. दुकानदाराने करून देतो म्हटलं होतं त्या दिवशी आपण घड्याळ दिलं असतं, तर या बाईंचा दिवस त्यांच्या हातात राहिला असता. तो आपण आपल्या हौसेपायी काढून घेतला. त्यांनी चहा केला, स्वतःच्या हाताने नेऊन दिला आणि सगळं खरं सांगून टाकलं. पार्ट मागवलेला नाही, रेघ उखडली आहे, एक पाय अडकला आहे, आणि एका वेळी नळी धरायची, खटका दाबायचा आणि पाय ओढायचा असं करायला तीन हात लागतात.

सासूबाईंनी चहा संपवला. "ओढायचं मी करते," त्या म्हणाल्या. "दिसत नसलं तरी बोटांना कळतं. सुईत दोरा अजून मीच ओवते तुमच्या घरात."

हे खरं होतं. मास्तरांनी टेबल मांडलं, त्यांच्या बोटांत पट्टी दिली, पंप तापवला आणि नळी टेकवली. त्याच क्षणी सासूबाईंनी हात मागे घेतला.

"मास्तर, हे चावतंय."

"गरम लागलं का?"

"गरम नाही. चावतंय."

मास्तरांनी खाली पाहिलं. सासूबाई अनवाणी होत्या, त्यांचे पाय थेट फरशीवर. मास्तरांच्या स्वतःच्या पायात जाड चपला होत्या. पाच दिवसांपूर्वी मनगटात आलेल्या झिणझिण्या वयाच्या नव्हत्या, विजेच्या होत्या. पंपाच्या धातूच्या नळीत वीज उतरत होती आणि ती नळी आपण एका अंध म्हाताऱ्या बाईच्या हातातल्या पट्टीला लावली. आणि हा माणूस विजेचं प्रकरण पुस्तक न उघडता शिकवत होता. मास्तरांनी बटण बंद केलं, पिन उपसली आणि सासूबाईंची बोटं उजेडात धरून पाहिली. सासूबाईच उलट म्हणत होत्या, "अहो, एवढं काही नाही, मुंगीसारखं होतं."

आता मास्तर पेटून उठले. आधी त्यांनी पंप विकणाऱ्यांना फोन लावला. पलीकडच्या मुलीने फार आपुलकीने चौकशी केली आणि शेवटी सांगितलं, "सर, शॉकचा फोटो पाठवा, मग तक्रार नोंदवता येईल." शॉक दिसत नाही, असं मास्तरांनी समजावल्यावर ती म्हणाली, "मग व्हिडिओ चालेल."

मग वायरमनला बोलावलं. तो चाळिशीचा, पोट सुटलेला गृहस्थ होता आणि दारातच वाकून नमस्कार करत म्हणाला, "सर, ओळखलं नाही? मी तुमचा विद्यार्थी. विज्ञानात दोनदा नापास." अशा विद्यार्थ्यांची संख्या बरीच असल्याने मास्तरांना नेमकं आठवेना. त्याने पंपाची मूठ उघडली. प्लगला तीन पिना होत्या, वायरमध्ये हिरवी तारही होती, पण मुठीत शिरल्याबरोबर ती कापून बाजूला दुमडून ठेवलेली होती.

"तिसरी पिन शोभेची आहे, सर," तो म्हणाला. त्याने हिरवी तार नळीच्या धातूला घट्ट जोडली आणि टेस्टर लावला. टेस्टर अजूनही पेटत होता. तेव्हा त्याने भिंतीवरचा बोर्ड उघडला, आत डोकावला, खाली मीटरपर्यंत जाऊन आला आणि हसायला लागला. "इकडेही शोभेचंच. तिसऱ्या भोकामागची तार नुसती नावाला आहे. तुमच्या अख्ख्या बिल्डिंगला अर्थिंग नाही. तार खाली मीटरपर्यंत येते आणि तिथून पुढे जमिनीत जातच नाही."

"तुला हे सगळं कसं कळलं?"

"तुम्हीच शिकवलं, सर. हिरवी तार जमिनीत गेली पाहिजे. दोन मार्कांचा प्रश्न होता. तेवढा एकच मला येत होता, पण आकृती काढली नाही म्हणून तुम्ही अर्धा मार्क कापलात."

बत्तीस वर्षं आपण प्लगची आकृती काढायला लावली, तिन्ही पिनांना नावं द्यायला लावली, आणि सव्वीस वर्षं ज्या घरात राहिलो तिथल्या तिसऱ्या भोकामागे काय आहे ते एकदाही पाहिलं नाही. आपणही त्या पिनेसारखेच, असं मास्तरांच्या मनात आलं. दिसायला जागच्या जागी, आणि मागे कशाला जोडलेलं नाही. हा विचार त्यांना दोन दिवस पुरला.

बिल्डिंगचं काम म्हणजे सेक्रेटरींकडे अर्ज. सेक्रेटरींनी अर्ज वाचला आणि प्रत्यक्ष पाहणीशिवाय तो कमिटीपुढे ठेवता येणार नाही असं सांगितलं. पाहणीला ते स्वतः आले. मास्तरांनी त्यांना फ्रिजला हात लावायला सांगितलं, कारण अर्थिंग नसल्यामुळे फ्रिजही थोडा थोडा चावत होता. सेक्रेटरींनी हात लावला, दुसरा हात लावला, गाल सोडून बाकी सगळं लावून पाहिलं आणि वहीत लिहिलं: 'काही आढळले नाही.'

"तुमच्या पायात रबरी चपला आहेत. त्या काढा आणि मग लावा," मास्तर म्हणाले.

"डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितल्यात. घरातसुद्धा काढायच्या नाहीत."

हे चाललेलं असताना चौथ्या मजल्यावरच्या काकू भांडं परत द्यायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "चावतंय ना? आमचं कपड्यांचं मशीन चार वर्षं चावतंय. मी लाकडी चमच्याने बटण दाबते. सगळ्यांचंच तसं असतं, त्यात काय एवढं." सेक्रेटरींनी काकूंकडे पाहिलं. मग चमच्याचा विचार केला. काकूंच्या मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या की दवाखान्यातलं त्यांचं एक उपकरण घरी आणलं की विचित्र वागतं. दहा मिनिटांत असं निघालं की त्या बिल्डिंगमध्ये जवळजवळ प्रत्येक घरात काही ना काही चावत होतं, आणि प्रत्येकाने आपापला चमचा शोधून ठेवला होता. सेक्रेटरींनी अखेर उजव्या पायातली चप्पल काढली, पाय फरशीवर टेकवला आणि फ्रिजला बोट लावलं. वहीतलं वाक्य त्यांनी स्वतःच खोडलं.

जमिनीत खड्डा खणायचा होता तो नेमका सेक्रेटरींच्या गाडीच्या जागी निघाला, त्यामुळे आणखी आठवडा गेला. शेवटी काम ठरलं तेव्हा खालच्या फलकावर सूचना लागली: 'मास्तरांच्या प्रयोगामुळे बिल्डिंगची वीज आज दुपारी दोन ते चार बंद राहील.' मास्तरांनी ती वाचली, प्रयोग हा शब्द खोडावा म्हणून खिशातून पेनही काढलं, आणि तेवढ्यात जिन्यावरून उतरणाऱ्या तिघांनी एकापाठोपाठ विचारलं, "मास्तर, घड्याळ झालं का हो?" डॉक्टरीणबाईंनी कुणालाही काही सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. त्या आठवड्यात मास्तर जिन्याने जायच्या वेळा बदलून पाहत होते, पण उपयोग झाला नाही.

या सगळ्या काळात मास्तर दर अर्ध्या तासाने काहीतरी निमित्त काढून सासूबाईंच्या खोलीत जात आणि सहज बोलल्यासारखे म्हणत, "सव्वाअकरा झाले, अजून पेपर आला नाही," किंवा "पाच वाजत आले, ऊन किती आहे बघा." सासूबाई प्रत्येक वेळी "बरं" म्हणत.

काम होऊन वीज आली. वायरमनने टेस्टर नळीला लावला, तो पेटला नाही. तरी जाताना टेस्टर मास्तरांच्या हातात देऊन त्याने बजावलं, "सर, आता मारणार नाही. पण वस्तू हलकीच आहे. तापत सुटते. तीन आकडे मोजून होतात तेवढाच वेळ एका जागी टेकवायची." मास्तरांनी आधी स्वतः अनवाणी उभं राहून नळीला हात लावून पाहिलं, थंड असताना, प्लग चालू करून. मग बोट काढून ते पाच मिनिटं थांबले. मग पुन्हा टेस्टर लावून पाहिला. एवढं झाल्यावरच सासूबाईंना हाक मारली, आणि तरीही त्यांच्या पायाखाली रबराची चटई घातली.

सासूबाईंनी नखांच्या टोकांत स्विच धरला. "मी मोजते," त्या म्हणाल्या. "एक. दोन. हां, हललं. दाबा." मास्तरांनी खटका दाबला. त्यांना काही दिसायच्या आत स्विच सासूबाईंच्या चिमटीत होता. नवा त्यांनीच चाचपून भोकांत बसवला. मास्तरांनी साध्या सोल्डरिंगच्या सळईने कथिलाचे चार ठिपके दिले, उखडलेल्या रेघेच्या जागी एक वायर जोडली, आणि ती त्यांनी इतक्या वेळा तपासली की सासूबाई म्हणाल्या, "मास्तर, बास."

बटण दाबलं. आतली बाई म्हणाली, "बारा वाजले आहेत." साडेचार वाजले होते, पण खोटं का होईना, ती बोलली. मास्तरांना डोळे पुसावे लागले, आणि समोरच्या माणसाला दिसत नाही याचा त्यांनी त्या वेळी थोडा फायदा घेतला. घड्याळ लावून दिल्यावर सासूबाईंनी तीनदा बटण दाबलं, तीनदा "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या.

थोड्या वेळाने त्या भिंतीचा आधार घेत परत आल्या. हातात एक जड कापडी पिशवी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि एकेक वस्तू काढून मांडायला सुरुवात केली. एक रेडिओ, ज्याचा आवाज एकाच बाजूने येतो. पाय शेकायचा गादीवजा तुकडा, जो तापत नाही. एक केस वाळवायचं यंत्र. आणि तळाशी एक बॅटरी, म्हणजे अंधारात लावायची टॉर्च.

"ही बिघडली तेव्हा मला थोडं दिसत होतं," त्या म्हणाल्या. "आता उपयोग नाही. पण बघा जमलं तर."

पाय शेकायच्या तुकड्याला हात लावून मास्तरांनी विचारलं, "आई, हे किती वर्षं बंद आहे?"

"झाली असतील सात-आठ."

"मग इतके दिवस मला सांगितलं का नाहीत? मी घरातच होतो. संकोच कसला केलात?"

"संकोच माझा नव्हता हो," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही विज्ञानाचे मास्तर. मी सांगायचं आणि तुम्हाला यायचं नाही, मग तुम्हाला किती वाईट वाटलं असतं. लेकीच्या घरी राहून ते कशाला करायचं? घड्याळाविना मात्र चालेना, म्हणून तेवढं बोलले." त्यांनी रेडिओ चाचपडत मास्तरांच्या हाताशी सरकवला. "आता तुम्हाला येत नाही हे अख्ख्या बिल्डिंगला कळलंय. आता मी मागायला मोकळी."

मास्तरांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, टेस्टर खिशात आहे ना ते पाहिलं आणि रेडिओचा पहिला स्क्रू फिरवला.